फोटोडायोड कसा चालतो आणि त्याचे इतके प्रकार कशासाठी?

सर्किटवेडा:
नमस्कार मंडळी. सेन्सरच्या धाग्यावर फोटोडायोड (उजेड पडला की करंट देणारा डायोड) घ्यावा, फोटोट्रान्झिस्टर घ्यावा की एलडीआर (उजेडाने बदलणारा रेझिस्टर) यावरून बरीच चर्चा झाली, तिथेच लिहीत बसलो असतो तर मूळ विषय भरकटला असता म्हणून हा वेगळा धागा. फोटोडायोडबद्दल कुठेही वाचा, पीएन, पिन, अॅव्हलांच, शॉटकी अशी यादी असते आणि प्रत्येकापुढे चार ओळी. यादी पाठ होते पण सर्किट करायला बसलं की तिचा काडीचा उपयोग होत नाही. मला विचाराल तर एकच प्रश्न धरून ठेवायचा: फोटॉन (उजेडाचा एक कण) आत कुठे शोषला गेला आणि त्या जागी इलेक्ट्रिक फील्ड होतं का? बहुतेक सगळे प्रकार या एका प्रश्नातून निघतात.

जंक्शनपासून सुरुवात करू. पी (होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, जास्त असलेला भाग) आणि एन (मोकळे इलेक्ट्रॉन जास्त असलेला) जिथे भेटतात तिथले मोकळे इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांत मिसळून संपतात आणि मधे एक पट्टा उरतो, ज्यात मोकळं काही नाही, फक्त जागेवर अडकलेले आयन. हे डिप्लीशन रीजन. त्या आयनांमुळे पट्ट्यात कायम फील्ड असतं, बाहेरून बॅटरी लावा किंवा नका लावू. आता एक फोटॉन आत शिरला आणि त्याची एनर्जी बँडगॅपपेक्षा (इलेक्ट्रॉन सुटा करायला लागणाऱ्या किमान एनर्जीपेक्षा) जास्त असली तर तो एक इलेक्ट्रॉन सुटा करतो आणि मागे होल ठेवतो. ही जोडी पट्ट्याच्या आत जन्मली तर फील्ड इलेक्ट्रॉनला एनकडे आणि होलला पीकडे ओढून नेतं आणि बाहेरच्या तारेत करंट दिसतो. पट्ट्याच्या बाहेर जन्मली तर तिला ओढणारं कुणी नाही, ती इकडेतिकडे भटकत राहते, पट्ट्यापर्यंत पोचली तर पोचली नाहीतर वाटेतच पुन्हा जुळून संपते. पोचलीच तरी उशिरा पोचते. म्हणजे जोडी कुठे जन्मली यावर सिग्नल किती मिळणार तेही ठरतं आणि किती चटकन मिळणार तेही.

आता खोलीचं बघा. सिलिकॉनमध्ये ४०० नॅनोमीटरचा जांभळा उजेड साधारण ०.१ मायक्रॉनमध्येच शोषला जातो, म्हणजे अगदी पृष्ठभागालाच. ६५० चा लाल तीन-चार मायक्रॉन आत जातो. ८५० चं इन्फ्रारेड वीसेक मायक्रॉन, आणि १००० नॅनोमीटरला तर दीडशे मायक्रॉनच्या घरात. (या खोलीला साधारण ६३ टक्के उजेड संपलेला असतो, बाकीचा अजून पुढे जातो.) एकाच सिलिकॉनच्या तुकड्यात रंग बदलला की खोली हजारपटीने बदलते, आणि साध्या पीएन डायोडमधला पट्टा बायस (बाहेरून दिलेलं व्होल्टेज) नसताना जेमतेम मायक्रॉनभर जाड असतो. यातच सगळी गोम आहे.

पुढचं हळूहळू टाकतो, तोवर प्रश्न असतील तर विचारा.

रानवारा:
मस्त विषय, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. एक अगदी प्राथमिक प्रश्न, सोलर सेल आणि फोटोडायोड हे मग एकच झालं ना? दोन्ही पीएन जंक्शन, दोन्हीवर उजेड पडला की करंट. मग फोटोडायोडला रिव्हर्स बायस (उलट्या दिशेने व्होल्टेज) का देतात, तो तर स्वतःच वीज करतोय?

सर्किटवेडा:
रानवारा, प्रश्न प्राथमिक असला तरी महत्त्वाचा आहे. भौतिकी तीच, हेतू वेगळा. सोलर सेलला जास्तीत जास्त पॉवर काढायची असते म्हणून तो मोठा आणि फॉरवर्ड बाजूला चालतो. फोटोडायोडला उजेडाच्या प्रमाणात अचूक आणि चटकन करंट द्यायचा असतो.

हे मल्टिमीटरवर बघण्यासारखं आहे. बीपीडब्ल्यू ३४ हा नेहमीचा पिन फोटोडायोड घ्या, बायस वगैरे काही नको, सरळ मीटरला जोडा. व्होल्टेज रेंजवर दिव्याखाली धरला की ०.३ ते ०.४ व्होल्ट दाखवतो. बाकीची खोली अंधारी ठेवून लहान दिव्यापासूनचं अंतर निम्मं करा, उजेड चौपट झाला तरी व्होल्टेज वाढतं फक्त ३५-४० मिलिव्होल्ट. मग मीटर मायक्रोअँपिअर रेंजवर टाका आणि तेच परत करा. करंट जवळजवळ चौपट होतो. म्हणजे व्होल्टेज लॉगने वाढतं आणि करंट सरळ प्रमाणात. ज्यांना उजेड मोजायचाय त्यांनी करंटच मोजावा, डायोडवरचं उघडं व्होल्टेज मोजून उजेड काढायचा प्रयत्न करणारे कितीतरी प्रोजेक्ट दिसतात, आणि मग रीडिंग दहा पट उजेडाला साठेक मिलिव्होल्टनेच का हलतं आणि तापमानाबरोबर का सरकतं म्हणून लोक हैराण होतात.

रिव्हर्स बायसचं कारण असं की त्याने पट्टा रुंद होतो. रुंद झाला की जास्त जोड्या फील्डच्या आत जन्मतात आणि शिवाय कपॅसिटन्स (चार्ज साठवण्याची क्षमता, तो भरण्यात वेळ जातो) कमी होतो. बीपीडब्ल्यू ३४ च्याच डेटाशीटमध्ये बघा, शून्य व्होल्टला ७० पिकोफॅरड आणि ३ व्होल्ट रिव्हर्सला २५. हा फरक वेगात थेट दिसतो. मोबदल्यात डार्क करंट घ्यावा लागतो, म्हणजे उजेड नसतानाही वाहणारा गळतीचा करंट. या डायोडला १० व्होल्टवर तो नेहमीच्या तापमानाला २ नॅनोअँपिअरच्या आसपास असतो आणि दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो, म्हणजे ३० अंशांनी तापला की आठपट. म्हणून मंद उजेड सावकाश पण अचूक मोजायचा तर शून्य बायस, आणि वेग हवा तर रिव्हर्स बायस.

अणुरेणू:
छान मांडलंय. मी भौतिकशास्त्र शिकवते त्यामुळे थोडी भर घालते.

एक, बँडगॅपचा हिशोब तोंडी करता येतो. १२४० ला इलेक्ट्रॉन व्होल्टमधल्या गॅपने भागा, कटऑफ नॅनोमीटरमध्ये मिळतो. सिलिकॉन १.१२, म्हणून ११०० नॅनोमीटरच्या पुढे त्याला काहीच दिसत नाही, तो उजेड काचेतून जावा तसा आरपार जातो. इंडियम गॅलियम आर्सेनाइड ०.७५ च्या आसपास, म्हणून साधारण १६५०-१७०० पर्यंत. जर्मेनियम ०.६६, पण कटऑफ जवळ आला की शोषण ढेपाळतं म्हणून प्रत्यक्षात १६०० नंतर तो फारसा कामाचा नाही. उलट बाजूला गॅलियम नायट्राइड ३.४, तो ३६५ च्या अलीकडचं अल्ट्राव्हायोलेटच बघतो आणि दिसणाऱ्या उजेडाला आंधळा असतो, आणि ज्योत ओळखायला नेमकं तेच हवं असतं.

दोन, रिस्पॉन्सिव्हिटी, म्हणजे ठरावीक उजेडामागे किती करंट मिळतो ते. मुलांना हे हमखास चुकीचं वाटतं. एक मायक्रोवॅट उजेड पडला तर करंट किती? ६२० नॅनोमीटरचा फोटॉन बरोबर २ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, म्हणून एका मायक्रोवॅटमध्ये सेकंदाला साधारण ३ लाख कोटी फोटॉन येतात, आणि प्रत्येकाने एक जोडी दिली तर करंट ०.५ मायक्रोअँपिअर. याहून जास्त साधा डायोड देऊच शकत नाही. ४५० च्या निळ्याला हीच मर्यादा ०.३६ आणि ९०० च्या इन्फ्रारेडला ०.७२. निळ्याला आकडा कमी दिसतो म्हणून डायोड वाईट ठरत नाही, निळा फोटॉन जास्त एनर्जीचा म्हणून तेवढ्याच वॅटमध्ये फोटॉनच कमी येतात. फोटॉन एक, जोडी एक, उरलेली एनर्जी उष्णता होऊन जाते. शिवाय निळा पृष्ठभागाला चिकटून शोषला जातो आणि तिथे क्रिस्टलमधले दोष जास्त, जोड्या लगेच जुळून संपतात, ती सर्किटवेडा यांची "कुठे जन्मली" वाली गोष्ट. आणि उघडं सिलिकॉन पडलेल्या उजेडातला तीसेक टक्के तर परतच पाठवतं, म्हणून वर सिलिकॉन नायट्राइडसारखा पातळ थर देतात.

तीन, इतिहास. बेल लॅबमध्ये रसेल ओल यांच्याकडे १९४० साली सिलिकॉनचा एक तुकडा होता, मधे भेग गेलेला, आणि उजेड पडला की तो अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाखवायचा, तेव्हाच्या मानाने कितीतरी जास्त. भेगेच्या एका बाजूला एक अशुद्धी आणि दुसऱ्या बाजूला दुसरी साठली होती. पीएन जंक्शन असं उजेडामुळेच सापडलं, हे मला फार भारी वाटतं. ट्रान्झिस्टर त्यानंतर सात वर्षांनी आला.

धूमकेतू:
अणुरेणूताई, ओल यांचा किस्सा माहीत नव्हता, धन्यवाद. धागा वाचतोय.

सर्किटवेडा:
ताई, तो ६२० चा हिशोब मी यापुढे सगळ्यांना हाच सांगणार.

आता पिन. साध्या पीएन डायोडची अडचण वर आली, पट्टा पातळ आणि इन्फ्रारेड वीस मायक्रॉन आत. रिव्हर्स व्होल्टेज वाढवून पट्टा रुंद करायला गेलं तर डोपिंग (मुद्दाम घातलेली अशुद्धी) जास्त असताना तो फार पसरत नाही. म्हणून मधे जवळपास शुद्ध, डोपिंग नसल्यासारखा एक जाड थर घातला, पी आणि एनच्या मधे इंट्रिन्सिक. थोड्याशा व्होल्टेजने हा अख्खा थर डिप्लीट होतो, म्हणजे फील्डचा पट्टा आपल्याला हवा तेवढा जाड बनवता येतो. पिन रचना जपानमध्ये जुन-इची निशिझावा यांनी १९५० च्या सुमारास मांडली, पुढे १९५२ मध्ये अॅव्हलांच फोटोडायोडही त्यांच्याच नावावर आहे.

जाड थराने कपॅसिटन्सही कमी होतो, मग हवा तेवढा जाड का करू नये? तर चार्जला तो थर पार करायला वेळ लागतो. सिलिकॉनमध्ये फील्ड कितीही वाढवलं तरी इलेक्ट्रॉन सेकंदाला शंभरेक किलोमीटरच्या पुढे जात नाही, म्हणजे १०० मायक्रॉनला एक नॅनोसेकंद. रिमोटला हे काहीच नाही पण गिगाबिटच्या लिंकला खूप झालं. त्यामुळे पिन डायोड घेताना नेहमी ही ओढाताण असते, जाड म्हणजे जास्त उजेड पकडणार, पातळ म्हणजे चपळ, आणि चपळ हवा तर क्षेत्रफळही लहान ठेवावं लागतं कारण पातळ थराने वाढलेला कपॅसिटन्स तिथेच भरून काढायचा असतो. मोठ्या क्षेत्रफळाचा, चपळ आणि इन्फ्रारेडलाही उत्तम असा सिलिकॉन डायोड शोधत बसू नका, मिळणार नाही.

शॉटकी यात उलट्या टोकाला बसतो. पीच्या थराऐवजी वर अगदी पातळ, उजेड आत जाऊ देईल असा धातूचा थर, त्यामुळे फील्ड थेट पृष्ठभागापासूनच सुरू होतं. जांभळा आणि अल्ट्राव्हायोलेट जिथे शोषला जातो तिथेच. ०.१ मायक्रॉनचा आकडा आठवा, की शॉटकी कशासाठी ते वेगळं पाठ करावं लागत नाही.

फायबरवाला:
फायबरमध्ये काम करतो म्हणून लिहितो. आमच्याकडे १३१० आणि १५५० नॅनोमीटर, म्हणजे सिलिकॉनचा संबंधच नाही, सगळं इंडियम गॅलियम आर्सेनाइड. थर मायक्रॉन-दोन मायक्रॉनचाच पुरतो कारण या मटेरियलमध्ये शोषण जबरदस्त आहे, म्हणून वेगही मिळतो.

नवीन पोरांना दोन गोष्टी नेहमी सांगतो. पॉवर मीटरवर वेव्हलेंग्थ बरोबर निवडा. आतला डायोड फक्त करंट देतो, तो १३१० चा आहे की १५५० चा हे त्याला कळत नाही, मीटर तुमच्या सेटिंगवरून भागाकार करून डीबीएम (पॉवरचं लॉगमधलं माप) दाखवतं. जर्मेनियमच्या मीटरमध्ये १५५० च्या पुढे तर रिस्पॉन्स पटकन घसरतो, तिथे सेटिंग चुकलं की रीडिंगवर विश्वास ठेवू नका. दुसरं म्हणजे लांब पल्ल्याच्या मॉड्यूलमध्ये रिसीव्हरला अॅव्हलांच डायोड असतो, आणि टेस्टिंगला म्हणून लोक टेबलावरच छोट्या पॅचकॉर्डने दोन मॉड्यूल समोरासमोर जोडतात. ऐंशी किलोमीटरसाठी सोडलेला उजेड एका मीटरवरून थेट त्या डायोडवर, रिसीव्हर कायमचा जातो. मधे अॅटेन्युएटर (उजेड कमी करणारा भाग) लावल्याशिवाय जोडू नका. कळकळीने सांगतोय, चांगली मॉड्यूल अशीच जाताना पाहिलीत.

रानवारा:
पण अॅव्हलांचमध्ये नेमकं होतं काय? आणि तो इतका नाजूक का?

सर्किटवेडा:
यात रिव्हर्स व्होल्टेज इतकं चढवतात, सिलिकॉनला शंभर-दोनशे व्होल्ट किंवा त्याहून जास्त, की फील्डमध्ये धावणारा इलेक्ट्रॉन वाटेत क्रिस्टलला धडकून आणखी एक जोडी सोडवतो, मग ते दोघे आणखी. डोंगरउतारावरून एक धोंडा सुटला की वाटेतले धोंडे घेऊन खाली येतो तसं. एका फोटॉनमागे सिलिकॉनमध्ये आरामात शंभरेक इलेक्ट्रॉन मिळतात. नाजूक यासाठी की गेन (किती पट गुणाकार होतो ते) व्होल्टेजवर फार अवलंबून असतो, आणि ब्रेकडाउन व्होल्टेज (ज्याच्या पुढे धडका थांबतच नाहीत) स्वतः तापमानाबरोबर वाढतं, म्हणून बायस एकाच जागी धरून ठेवला तर गरम झाल्यावर गेन पडतो. चांगल्या सर्किटमध्ये तापमान बघून बायस सरकवावा लागतो. आणि एवढ्या व्होल्टेजवर उजेड जास्त झाला तर करंट गुणिले व्होल्टेज, ती सगळी उष्णता त्या इवल्याशा ठिकाणी.

अणुरेणू:
यात नॉइजची बाजू राहू नये असं वाटतं. गुणाकार प्रत्येक वेळी सारखा होत नाही, कधी ८० कधी १२०, त्यामुळे सिग्नलबरोबर जास्तीचा नॉइज येतो. मॅकिन्टायर यांनी १९६६ मध्ये त्याचं सूत्र दिलं आणि त्यातून निघतं असं की इलेक्ट्रॉन आणि होल यांपैकी एकानेच धडका मारल्या तर नॉइज सर्वात कमी, दोघेही सारख्याच मारायला लागले तर सर्वात जास्त. सिलिकॉनमध्ये मुख्यतः इलेक्ट्रॉनच मारतो, होलचं प्रमाण दोनेक टक्के, म्हणून सिलिकॉन या कामाला फार सरस. जर्मेनियममध्ये दोघे जवळजवळ बरोबरीचे, म्हणून त्याचा नॉइज जास्त.

आणि इथेही "कुठे" हाच प्रश्न येतो बरं का. सिलिकॉनमध्ये गुणाकाराच्या भागात इलेक्ट्रॉनच शिरावा म्हणून उजेड आधी वेगळ्या, सौम्य फील्डच्या जाड थरात शोषून घेतात आणि तिथून फक्त इलेक्ट्रॉन पुढच्या अरुंद, तीव्र फील्डच्या भागात पाठवतात. फायबरवाल्यांच्या डायोडमध्ये तर मटेरियलच दोन असतात. शोषण इंडियम गॅलियम आर्सेनाइडमध्ये, पण त्याला तेवढं तीव्र फील्ड सोसत नाही, गॅप लहान असल्यामुळे टनेलिंगने (इलेक्ट्रॉन गॅपमधून थेट निसटल्याने) करंट गळायला लागतो. म्हणून गुणाकार शेजारच्या इंडियम फॉस्फाइडच्या थरात, आणि तिथे होलच्या धडका जास्त म्हणून तिकडे होल पाठवतात. किती विचारपूर्वक रचलंय बघा.

धूमकेतू:
मी एकेक फोटॉन मोजणाऱ्या डायोडबद्दल लिहितो, माझ्या आवडीचा विषय. अॅव्हलांच डायोडचा बायस ब्रेकडाउनच्याही वर नेऊन ठेवला तर काय होतं? जोपर्यंत आत मोकळा चार्ज नाही तोपर्यंत काहीच होत नाही, तो तसाच ताणलेल्या अवस्थेत थांबून राहतो. एक फोटॉन, एक जोडी, की धडका थांबतच नाहीत आणि मिलिअँपिअरमध्ये करंट उसळतो. यात गेन वगैरे भाषा संपते, फक्त "आला" किंवा "नाही आला". मग तो करंट बाहेरून थांबवावा लागतो, सीरिजमधल्या मोठ्या रेझिस्टरने व्होल्टेज पडतं आणि अॅव्हलांच विझतो, पुन्हा चार्ज होऊन पुढच्या फोटॉनला तयार. याला स्पॅड म्हणतात.

अडचणी दोन. उजेड नसतानाही उष्णतेने एखादी जोडी सुटते आणि डायोड तितक्याच जोरात उसळतो, कुठला खरा कुठला खोटा ते एकेकटं बघून सांगता येत नाही, म्हणून थंड करतात. आणि उसळल्यावर काही चार्ज क्रिस्टलच्या दोषांत अडकून थोड्या वेळाने सुटतो आणि पुन्हा खोटा पल्स देतो. शिवाय एकाच वेळी पाच फोटॉन आले काय आणि एक आला काय, पल्स तोच. त्यावर उपाय म्हणून हजारो छोटे स्पॅड एका चिपवर, प्रत्येकाला स्वतःचा रेझिस्टर, सगळे समांतर जोडलेले. हा सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर. ऑसिलोस्कोपवर त्याचे पल्स बघण्यासारखे असतात, उंची एक, दोन, तीन अशा पायऱ्यांनी वेगवेगळी पडते आणि मधल्या उंचीचे जवळजवळ नसतातच. फोटॉन मोजता येतात हे डोळ्यांना दिसतं. काचेच्या व्हॅक्यूमच्या फोटोमल्टिप्लायर ट्यूबची बरीच कामं याने घेतली, पेट स्कॅनरमध्ये विशेष, कारण याला मॅग्नेटिक फील्डचा त्रास नाही म्हणून एमआरआयच्या आतसुद्धा चालतो.

अंतर मोजायला यांचा वेळेचा हिशोब कामी येतो. उजेड एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, जाऊन परत यायचं म्हणून अंतराला १५. पल्सची वेळ शंभर पिकोसेकंदाच्या आसपास पकडली तर दीड सेंटिमीटर. फोनमधले अंतर मोजणारे सेन्सर आणि बऱ्याच लायडारमध्ये (लेझरने अंतर मोजणाऱ्या यंत्रांत) हेच बसवलेले असतात.

चिवट:
सगळं वाचून काढलं, आता माझी अडचण. बीपीडब्ल्यू ३४ ला समांतर १ मेगाओमचा रेझिस्टर लावलाय, बायस नाही, आणि टीव्हीचा रिमोट समोर धरून स्कोपवर बघतोय. पल्स काही दिसतच नाहीत, लाइन ०.३ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सपाट. हाताने झाकला की खाली येते म्हणजे डायोड चांगला आहे. खोलीतला दिवा चालू आहे. काय करू?

सर्किटवेडा:
दोन कारणं आहेत आणि दोन्ही वेगवेगळी समजून घ्या.

पहिलं, खोलीतला उजेड. साधारण उजळ खोलीत हा डायोड दोनेक मायक्रोअँपिअर सहज देतो. १ मेगाओमवर त्याचे २ व्होल्ट व्हायला हवेत, पण बायस नाही म्हणून ०.३ च्या पुढे गेलं की डायोड स्वतःच फॉरवर्ड चालू होऊन करंट आतल्या आत पिऊन टाकतो. म्हणजे तुमचा डायोड आधीच भरलेला आहे, रिमोटने आणखी उजेड टाकला तरी लॉगने दोन-चार मिलिव्होल्ट.

दुसरं, वेग. डायोडचे ७० आणि प्रोबचे दहा-बारा मिळून ८० पिकोफॅरड धरा, गुणिले १ मेगाओम म्हणजे ८० मायक्रोसेकंद. रिमोटचा कॅरियर (ज्या फ्रिक्वेन्सीने तो चमकतो ती) साधारण ३८ किलोहर्ट्झ, एक आवर्तन २६ मायक्रोसेकंदाचं. ते यात पार पुसून जाणार.

रेझिस्टर १० किलोओम करा आणि डायोडला ५ व्होल्ट रिव्हर्स बायस द्या. वेळ अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या आत येईल आणि खोलीच्या उजेडाचे जेमतेम २० मिलिव्होल्ट. रिमोट जवळ धरा.

चिवट:
झालं! १० किलोओमवर पल्सचे गुच्छ स्वच्छ दिसतायत, आत झूम केलं की प्रत्येक पल्स वेगळा. मागे दिव्याची मंद लाट पण दिसतेय, मेन्सच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीची. पण रिमोट हातभर लांब नेला की सिग्नल काही मिलिव्होल्टवर येतो. आता रेझिस्टर वाढवला तर वेग जाणार, मग करायचं काय?

सर्किटवेडा:
इथे करंटचं व्होल्टेज करणारा ट्रान्सइम्पीडन्स अॅम्प्लिफायर लागतो. डायोड ऑपअॅम्पच्या इन्व्हर्टिंग पायाला, रेझिस्टर त्या पायापासून आउटपुटला. ऑपअॅम्प तो पाय सतत एकाच व्होल्टेजवर धरून ठेवतो, डायोडवरचं व्होल्टेज हलतच नाही, म्हणून डायोडचा कपॅसिटन्स मोठ्या रेझिस्टरमधून चार्ज-डिस्चार्ज करावा लागत नाही. मोठा रेझिस्टर आणि वेग दोन्ही मिळतं.

आणि रेझिस्टर मोठा ठेवण्यात आणखी एक फायदा आहे जो लोकांना उलटा वाटतो. १ मेगाओमच्या रेझिस्टरचा स्वतःचा थर्मल नॉइज करंटमध्ये मोजला तर बँडविड्थच्या दर रूट हर्ट्झला ०.१३ पिकोअँपिअर, आणि २ नॅनोअँपिअर डार्क करंटचा नॉइज ०.०२५. म्हणजे मंद उजेडात डायोडपेक्षा तुमचा रेझिस्टरच पाचपट गोंगाट करतो. रेझिस्टर दहापट केला की सिग्नल दहापट वाढतो आणि रेझिस्टरचा नॉइज व्होल्टेज तीनपटीच्या थोडं वर. आधी लहान रेझिस्टर घेऊन मग पुढच्या स्टेजला गेन वाढवणं हे याच कारणाने टाळायचं, पहिल्याच स्टेजला जमेल तेवढा मोठा.

रानवारा:
मधेच विचारतो, एवढं सगळं करण्यापेक्षा फोटोट्रान्झिस्टर का नाही? त्यात गेन आतच असतो ना.

सर्किटवेडा:
असतो, शेकड्यात. पण बेस-कलेक्टर जंक्शनचा कपॅसिटन्सही तेवढ्याच पटीने जाणवतो, त्यामुळे मायक्रोसेकंद ते दहा-वीस मायक्रोसेकंद लागतात, आणि गेन उजेडाबरोबर आणि तापमानाबरोबर बदलतो म्हणून मोजणीला नको. वस्तू आडवी आली की नाही एवढंच बघायचं असेल तर खुशाल वापरा, रेझिस्टर लावला की काम झालं. एलडीआर त्याहून संथ, मिलिसेकंदांत, आणि आधी उजेडात होता की अंधारात त्यावर त्याचं रीडिंग थोडं अवलंबून असतं, शिवाय त्यात विषारी कॅडमियम. ऑक्सिमीटरसारखं काही करायचं तर फोटोडायोडच. तिथे ६६० आणि ९४० नॅनोमीटरचे दोन एलईडी आळीपाळीने चमकवून एकाच डायोडवर बोटातून आलेला उजेड बघतात, आणि नाडीबरोबर हलणारा भाग एकूण उजेडाच्या फार तर एक-दोन टक्के असतो. तेवढं नेमकं टिपायला सरळ प्रमाणात चालणारं यंत्रच हवं.

अणुरेणू:
वर्गात करण्यासारखी एक गोष्ट सांगते. फोटोडायोड नसला तर एलईडीच उलटा वापरा. तोही जंक्शनच आहे, लाल एलईडी मीटरला जोडून उन्हात धरला की दीड व्होल्टच्या आसपास दाखवतो, सिलिकॉनपेक्षा जास्त कारण गॅप मोठा. आणि तो स्वतःच्या रंगापेक्षा किंचित आखूड तरंगलांबीच पकडतो, म्हणजे फिल्टर फुकट मिळाला. हिरवा एलईडी लाल टॉर्चखाली धरा, काही नाही, निळ्याखाली धरा, लगेच काटा हलतो. बँडगॅप म्हणजे काय हे मुलांना यापेक्षा पटकन दुसऱ्या कशाने कळलेलं मी पाहिलं नाही.

धूमकेतू:
आणि बीपीडब्ल्यू ३४ काळ्या डब्यात पूर्ण अंधारात ठेवला, वर पातळ अॅल्युमिनियम फॉइल आणि मागे चांगला अॅम्प्लिफायर, तर तो गॅमा किरणांचेही पल्स देतो. सिलिकॉनमध्ये सरासरी ३.६ इलेक्ट्रॉन व्होल्टला एक जोडी, त्यामुळे एका गॅमाने टाकलेल्या एनर्जीत हजारो जोड्या निघतात. थर पातळ म्हणून पकडले जाणारे थोडेच, पण मिळतात.

चिवट:
ट्रान्सइम्पीडन्स जोडलं, १०० किलोओम, १० मेगाहर्ट्झचा ऑपअॅम्प, सिंगल ५ व्होल्ट सप्लाय म्हणून नॉन-इन्व्हर्टिंग पाय दीड व्होल्टवर धरलाय. आता रिमोट नसतानाच स्कोपवर मेगाहर्ट्झच्या आसपासची लाट येतेय, काही केल्या जात नाही. आणि खिडकीतून ऊन आलं की आउटपुट एका टोकाला जाऊन चिकटतं.

सर्किटवेडा:
लाट म्हणजे अॅम्प्लिफायर ऑसिलेट होतोय. डायोडचा ७० पिकोफॅरड आणि तुमचा १०० किलोओम मिळून फीडबॅकला उशीर लावतात आणि ऑपअॅम्प स्वतःच्याच मागे धावतो. रेझिस्टरला समांतर एक छोटा कपॅसिटर लावा. किती, तर डायोडचा कपॅसिटन्स भागिले (६.२८ गुणिले रेझिस्टर गुणिले ऑपअॅम्पची गेन-बँडविड्थ), आणि त्याचं वर्गमूळ. तुमच्या आकड्यांना ३.३ पिकोफॅरड येतो, त्यावर बँडविड्थ ४८० किलोहर्ट्झच्या जवळ, रिमोटला भरपूर. ब्रेडबोर्डच्या शेजारच्या दोन ओळींमध्येच पिकोफॅरड-दोन पिकोफॅरड असतो म्हणून थोडं कमीजास्त करून बघावं लागेल, आणि डायोड ते इनपुट पाय ही तार जितकी आखूड तितकं बरं. जमलं तर ते जोड ब्रेडबोर्डवरून काढून सरळ हवेत सोल्डर करा.

उन्हाचं वेगळं आहे. काळ्या प्लास्टिकचा, दिसणारा उजेड अडवणारा बीपीडब्ल्यू ३४ एफ मिळतो, एलईडी दिव्यांचा त्रास त्याने जवळजवळ जातो कारण त्यांच्यात इन्फ्रारेड नसतंच म्हटलं तरी चालेल. पण उन्हात ९४० नॅनोमीटरही भरपूर असतं, ते फिल्टरमधून आत येणारच. म्हणून १०० किलोओमवर उन्हाचा करंट किती येतो ते आधी मायक्रोअँपिअर रेंजवर डायोड धरून मोजा. तीस-पस्तीस मायक्रोअँपिअरच्या वर असेल तर तुमच्या सप्लायमध्ये तेवढी जागाच नाही, मग रेझिस्टर २२ किलोओमवर आणा, कपॅसिटर वरच्याच सूत्राने पुन्हा काढा, साधारण ७ पिकोफॅरड येईल, आणि पुढच्या स्टेजला कपॅसिटरमधून जोडून तिथे गेन घ्या. नॉइज थोडा वाढेल, पण उन्हात तसाही उन्हाच्या करंटचाच नॉइज सर्वात मोठा असतो, तिथे रेझिस्टरचा विचार करायचं कारण उरत नाही.